ज्यांना ओठच नाहीत, त्यांची भाषा कशी घडवायची?

डिसेंबर 2025 मध्ये ‘अवतार’चा तिसरा भाग आला तेव्हा भाचीला घेऊन गेले होते. ती सातवीत आहे. मध्यंतरात तिनं विचारलं, “मावशी, ते निळे लोक खरंच काही बोलतात, की तोंडाला येईल ते?” मागच्या रांगेतल्या काकांनी परस्पर उत्तर देऊन टाकलं, “अगं, सिनेमा आहे तो. काहीही बडबडतात.”

काकांचं चुकलं. त्या भाषेचं नाव आहे नावी. तिला व्याकरण आहे, शब्दकोश आहे आणि ती शिकून एकमेकांशी गप्पा मारणारी हाडामांसाची माणसंही आहेत. पॉल फ्रॉमर या भाषाशास्त्रज्ञाकडे 2005 मध्ये हे काम आलं. पहिला चित्रपट पडद्यावर यायला 2009 उजाडलं. अशी कुणीतरी बसून, ठरवून घडवलेली भाषा म्हणजे रचित भाषा. 1887 मध्ये आलेली एस्पेरांतो ही रचितच, पण ती माणसानं माणसांसाठी केलेली. इथला प्रश्न त्याहून अवघड आहे. जो प्राणी माणूसच नाही, त्याची भाषा माणसानं कशी घडवायची?

मध्यंतराच्या दहा मिनिटांत भाचीला जे सांगता आलं नाही, ते इथे सांगते.

‘च’ची भाषा आणि खरी भाषा

लहानपणी आपण ‘च’च्या भाषेत बोललोय. शब्दाचं पहिलं अक्षर उचलून शेवटी टाकायचं आणि त्याच्या जागी ‘च’ बसवायचा. ‘मला’चं ‘चलाम’, ‘पाणी’चं ‘चाणीप’. मोठ्यांना कळत नाही, म्हणून मजा. पण ‘चाणीप’च्या आत पाणीच असतं. वाक्याचा क्रम मराठी, लिंग मराठी, विभक्ती मराठी. वरून फक्त बुरखा घातलेला.

कल्पित प्राण्यांच्या गोष्टी लिहिणाऱ्या नवख्यांचं बहुतेक वेळा इथेच फसतं. ते शे-दोनशे चमत्कारिक शब्द बनवतात आणि आपल्याच भाषेच्या वाक्यात एकेक करून बसवतात. ‘झोर्क’ म्हणजे राजा, मग ‘झोर्कचा’ म्हणजे राजाचा. ही ‘च’चीच भाषा झाली, जरा लांबण लावलेली.

खरा फरक कुठे पडतो, ते सांगते. मी मराठीत ‘गेले’ म्हटलं की मी बाई आहे हे सांगून झालं. मला ते सांगायचं असो वा नसो, मराठी ते सांगायला लावते. इंग्रजीत ‘आय वेंट’ म्हणून मोकळं होता येतं. उलट इंग्रजी बऱ्याच नामांआधी ‘अ’ की ‘द’ हे ठरवायला लावते, आपल्याला त्याची गरज वाटत नाही. प्रत्येक भाषा तिच्या माणसांकडून काही गोष्टी सक्तीनं वदवून घेते. परक्या प्राण्याची भाषा घडवताना आधी हे ठरवावं लागतं की या प्राण्याला काय सांगितल्याशिवाय वाक्य पुरंच करता येणार नाही.

क्लिंगॉन या भाषेत याचं छान उदाहरण आहे. ‘स्टार ट्रेक’मधल्या एका लढवय्या जमातीची ही भाषा, मार्क ओक्रँड यांनी 1984 च्या चित्रपटासाठी घडवलेली. तिच्यात अनेकवचनाचे तीन प्रत्यय आहेत. बोलू शकणाऱ्या जीवांना ‘-पु’, शरीराच्या अवयवांना ‘-डु’ आणि उरलेल्या सगळ्याला ‘-मेय’. म्हणजे ‘अनेक’चा प्रत्यय लावायचा तर समोरचा बोलता जीव आहे की नाही, याचा निवाडा आधी करावा लागतो. आपण तीन लिंगांत जग वाटतो, ते या तीन खणांत वाटतात.

पेन्सिल दातांत धरून बघा

आता शरीराकडे येऊ, कारण खरी सुरुवात तिथूनच होते.

एक पेन्सिल आडवी दातांत धरा. ओठ एकमेकांना लागू देऊ नका आणि म्हणा, ‘बाबा, मामीला पोपट दे.’ बाबा, मामी, पोपट तिघेही गळून पडतात. आता म्हणा, ‘काकांनी तळ्यातला गाळ काढला.’ जवळजवळ जसंच्या तसं निघतं, कारण त्या वाक्यात ओठ मिटावे लागणारं एकही अक्षर नाही.

आपली वर्णमाला म्हणजे तोंडाचा नकाशाच आहे. क-वर्ग घशाजवळ, च-वर्ग टाळूला, ट-वर्ग जीभ मुडपून, त-वर्ग दातांपाशी आणि प-वर्ग ओठांवर, असा आतून बाहेर येणारा क्रम. आपण तो पहिलीत घोकतो आणि नंतर विसरून जातो. परक्या भाषेची रचना करणाऱ्यासाठी याहून चांगलं साधन नाही. नकाशा समोर ठेवायचा आणि प्राण्याच्या शरीराप्रमाणे खोडत जायचं. चोच असेल तर प-वर्ग गेला. दात नसतील तर त-वर्गाचं काय होतं ते बघायचं. देवमाशासारखी नाकाची वाट तोंडापासून तोडलेली असेल तर ङ, ञ, ण, न, म सगळे एकदम गेले, कारण ते नाकातून निघतात.

“मग पोपट ‘मिठू मिठू’ कसं म्हणतो? त्याला कुठे ओठ आहेत?” शंका रास्त आहे. आपला आवाज श्वासनलिकेच्या वरच्या टोकाला, कंठात तयार होतो. पक्ष्यांचा आवाज त्या नळीच्या तळाशी, जिथे तिचे दोन फुप्फुसांकडे दोन फाटे फुटतात तिथे होतो. पोपट तिथला आवाज आणि जाड जिभेची हालचाल जुळवून आपल्या कानाला ‘मि’ वाटेल असं काहीतरी काढतो. तो आपल्या भाषेची नक्कल करतोय. त्यानं स्वतःची भाषा घडवली असती तर त्यात ‘मि’ कशाला घातला असता? पक्ष्याच्या शरीरातून भाषा निघाली तर ती वेगळ्याच वाटेनं जाईल. बऱ्याच गाणाऱ्या पक्ष्यांना ते दोन फाटे स्वतंत्रपणे वाजवता येतात, म्हणजे एकाच वेळी दोन सूर. त्यांच्या भाषेत एक शब्द म्हणजे सुरांची एक जोडी असू शकेल. वरच्या सुरात ‘काय’ आणि खालच्या सुरात ‘कुणाचं’.

ओक्रँड यांना मात्र असं मोकळं रान नव्हतं. त्यांचे क्लिंगॉन माणसासारखे दिसणारे आणि भूमिका करणारी माणसंच. तेव्हा आवाज माणसाला काढता येणारेच हवेत, तरी इंग्रजी कानाला परके वाटायला हवेत. त्यांनी जीभ मुडपून म्हणायचे दोन आवाज घेतले. एक आपल्या ‘डबा’मधला ड आणि दुसरा ष. ‘ऋटुरषाणां मूर्धा’ (ऋ, ट-वर्ग, र आणि ष यांची जागा मूर्धा, म्हणजे टाळूचा वरचा भाग) म्हणून ज्यांची स्थानं आपल्याकडे कधीच सांगून ठेवली आहेत, ते हे आवाज. शिवाय ड घेतला, पण त्याच्या जोडीचा ट घेतला नाही. माणसांच्या भाषांत आवाज बहुधा वर्गावर्गानं येतात. त्यांनी वर्गच विस्कटून टाकला.

पण मराठी वाचकाला ड ऐकून अंगावर काटा येणार नाही. आपल्याला परकं काय वाटेल? माझं उत्तर असं की, ळ, ण आणि ङ. तिन्ही आपले रोजचे, पण मराठी शब्द त्यांच्यापासून सुरू होत नाहीत. ‘ळाक’, ‘णिसर’, ‘ङेत’ असं म्हणून बघा. अक्षरं ओळखीची आणि तरी जीभ दारातच अडखळते. नावी भाषेत ‘तू’ला ‘ङा’ म्हणतात, ते ऐकून भाचीनं थिएटरमध्येच तीनदा म्हणून पाहिलं होतं.

चार बोटांचा हिशेब

नावी लोकांच्या हाताला चार बोटं. दोन हातांची आठ. म्हणून त्यांची मोजणी आठाची. आपण दहा झाले की एक घर पुढे जातो, ते आठ झाले की जातात. आठाला ‘वोल’ म्हणतात आणि आठ वेळा आठ, म्हणजे 64 ला ‘झाम’. आपल्या शंभराचा जो मान, तो त्यांच्या 64 चा. दिग्दर्शकानं नुसते आकड्यांचे शब्द मागितले असते तरी चाललं असतं, पण फ्रॉमर यांनी आधी बोटं मोजली.

नावीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असा भेदही आहे. तुला सोडून आम्ही की तुला धरून आपण, हे तिथेही सांगावंच लागतं. इंग्रजी प्रेक्षकाला हे समजावून घ्यावं लागतं. मराठी माणसाला त्यात नवल नाही. लग्नाच्या बैठकीत कुणी ‘आपण ठरवू’ऐवजी ‘आम्ही ठरवू’ म्हणालं तर काय होतं ते आपण पाहिलेलं असतं.

दुसरी गोष्ट मात्र खरोखर वेगळी आहे. आपण क्रियापदाला शेपूट जोडतो, जसं खा, खाल्ला, खाईल. नावी भाषा क्रियापदाचं पोट फाडून मध्ये काही ठेवते. ‘तारोन’ म्हणजे शिकार करणे. ‘तामारोन’ म्हणजे शिकार केली, ‘तायारोन’ म्हणजे करणार. हेही माणसाला अगदीच नवं नाही. संस्कृतातल्या ‘युज्’ धातूच्या पोटात ‘न’ शिरून ‘युनक्ति’ होतं, त्याला पाणिनीनं ‘श्नम्’ असं नावही दिलंय. पण इंग्रजी प्रेक्षकाला ते पुरेसं दूरचं आहे आणि नटांना पाठ करता येण्याइतकं जवळचं.

नावीतलं सगळ्यांना माहीत असलेलं वाक्य ‘ओएल ङाती कामेइए’, म्हणजे ‘मी तुला पाहतो’. डोळ्यांनी पाहण्यासाठी वेगळा शब्द आहे. ‘कामे’ म्हणजे समोरच्याला आतून ओळखणं, आणि त्याच्या पोटात घातलेलं ‘एइ’ सांगतं की हे म्हणताना मला आनंद होतोय. आनंद व्याकरणात बसवलाय. असा बारकावा दिसला की मला त्या माणसाच्या कामाबद्दल फार आदर वाटतो.

तोंड नसेलच तर?

हवेतून जाणारा आवाज हा भाषेचा एकच रस्ता नाही. बहिऱ्या माणसांच्या खुणांच्या भाषा पुरत्या भाषा आहेत, व्याकरणासकट. 2022 च्या ‘अवतार’साठी सी. जे. जोन्स या बहिऱ्या नटानं नावी लोकांची खुणांची भाषा घडवली, ती पाण्याखाली वापरायला.

प्राण्यांकडे पाहिलं तर रस्ते आणखी वाढतात. मधमाशी पोळ्यावर नाचून सांगते की फुलं कुठे आहेत. उभ्या पोळ्यावर नाचाची रेघ सरळ वरच्या दिशेशी जेवढा कोन करते, तेवढाच कोन सूर्याच्या दिशेशी करून उडायचं. पोट हलवत ती जितका जास्त वेळ सरळ चालेल, तितकं अंतर जास्त. कार्ल फॉन फ्रिश यांनी हे उलगडलं आणि 1973 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. समोर नसलेल्या गोष्टीबद्दल बोलता येणं हे भाषेचं मोठं लक्षण, ते त्या एवढ्याशा जिवात आहे. तरी तिच्या नाचात प्रश्न विचारता येत नाही, ‘नाही’ म्हणता येत नाही, कालच्या फुलांची आठवण काढता येत नाही. कल्पित मधमाशांना भाषा द्यायची तर नेमकी ही भर घालावी लागेल. नाचातलं ‘नाही’ कसं दिसेल? मला वाटतं, नाच उलट्या बाजूनं पुसून टाकल्यासारखा.

ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याजवळ माकुळाची एक जात आहे. कातडीवर क्षणात नक्षी बदलणारी. तिचा नर कधी कधी एका अंगावर मादीला भुलवणारी नक्षी दाखवतो आणि त्याच वेळी दुसऱ्या अंगावर, प्रतिस्पर्धी नराच्या बाजूला, मादीची नक्षी दाखवतो. एका तोंडानं दोन गोष्टी आपण आळीपाळीनं बोलतो, हा एकदम बोलतो. अशा प्राण्याच्या भाषेत ‘डावीकडून’ आणि ‘उजवीकडून’ ही व्याकरणाची रूपं होतील, आणि दोन्ही अंगांनी एकच सांगणं म्हणजे शपथ.

डोक्यातली थाळ्यांची चळत

शरीर माणसासारखं ठेवून मन बदललं तर काय होतं, याचा मला माहीत असलेला सर्वांत धाडसी प्रयोग म्हणजे जेफ्री हेनिंग यांची फिथ ही भाषा. पंगतीतली थाळ्यांची चळत आठवा. शेवटी ठेवलेली थाळी आधी उचलली जाते. फिथ बोलणारे प्राणी असंच बोलतात. नामं एकावर एक ठेवत जायची, क्रियापद आलं की ते वरच्या थाळ्या उचलून त्यांची एक थाळी करून परत ठेवतं. ‘मी, मुलगा, आंबा, खाणे, पाहणे.’ ‘खाणे’नं आंबा आणि मुलगा उचलले, ‘मुलाचं आंबा खाणं’ ही एक थाळी झाली. ‘पाहणे’नं ती आणि ‘मी’ उचलले. इथवर मराठी माणसाला जमतं, कारण आपलंही क्रियापद शेवटी येतं. पण पुढे ‘वरच्या दोन थाळ्यांची अदलाबदल करा’ असं सांगणारे शब्द येतात आणि आपली चळत कोसळते. नियम साधे, तरी माणसाला ही भाषा सहज बोलता येत नाही. आपल्या मनाला एका वेळी फार थाळ्या सांभाळता येत नाहीत.

सिल्व्हिया सोतोमायोर यांच्या केलेन भाषेत क्रियापदंच नाहीत. ‘आहे’, ‘झालं’, ‘इकडून तिकडे गेलं’ आणि ‘अमक्याचा भाग आहे’ अशी नाती दाखवणारे चार लहान शब्द सगळा गाडा ओढतात.

एक भाषा घडवून बघू

पुढच्या रविवारी भाची वही घेऊन आली. आम्ही प्राणी ठरवला. गुहेत राहणारा, जवळजवळ आंधळा, आवाज टाकून परतणाऱ्या प्रतिध्वनीवरून जग ओळखणारा. छोट्या वटवाघळांसारखा म्हणा. (वडावर उलटी लटकणारी मोठी वटवाघळं डोळ्यांवर आणि नाकावर चालतात, ती नव्हेत.) तोंड कायम उघडं, ओठ नाहीत. नाव ठेवलं ‘ळेणे’. लेण्यांची आठवण आणि सुरुवातीला ळ.

वर्णमालेतून प-वर्ग खोडला, व खोडला. झाडाला शब्द केला ‘ळन’.

मग प्रश्न आला सक्तीचा. ळेण्यांना काय सांगावंच लागेल? भाची म्हणाली, “ते बघत नाहीत ना. म्हणजे नुसतं ‘झाड आहे’ म्हणताच येणार नाही. कुणाला कसं कळलं ते सांगायला लागेल.” अगदी बरोबर. आम्ही तीन प्रत्यय केले. आवाज आत्ता परत आला असेल तर ‘-क’. पूर्वी कधी आला होता तर ‘-टो’. दुसऱ्यानं सांगितलं असेल तर ‘-शी’.

‘-टो’ म्हणताना तिचा हात तोंडाकडे गेला. ओठांचा चंबू झाल्याशिवाय ‘ओ’ निघत नाही. ‘उ’सुद्धा नाही. दोन्ही स्वर खोडले आणि ‘-टो’चं ‘-टे’ झालं.

प्रत्यय लावून म्हणायला लागल्यावर भाषेनं स्वतःच एक पाऊल टाकलं. ‘ळन’ला ‘क’ लावलं की तो ‘न’ आपोआप ‘अंक’मधल्या अनुस्वारासारखा होतो, ‘ळंक’. ‘टे’ लावलं की ‘घंटा’मधल्यासारखा, ‘ळंटे’. तिसरं ‘ळंशी’. हे आम्ही ठरवलेलं नव्हतं, जिभेनं केलं. खऱ्या भाषाही अशाच झिजतात.

‘ळंक’ म्हणजे झाड आहे, माझा आवाज आत्ताच त्याच्यावरून परतला. ‘ळंटे’ म्हणजे मागे होतं, आताचं सांगता येत नाही. ‘ळंशी’ म्हणजे झाड आहे म्हणे. हे शेवटचं मराठीला नवीन नाही. ‘तो आजारी आहे म्हणे’ यातलं ‘म्हणे’ हेच काम करतं, आणि तेही एका साध्या ‘म्हणणे’ क्रियापदातून झिजून आलंय. म्हणून आम्ही ‘-टे’लाही पूर्वज दिला. जुन्या ळेणी भाषेत ‘टेर’ म्हणजे विझलेलं, गार झालेलं.

यानंतर शब्द आपोआप सुचू लागले. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, म्हणजे 17 मीटरवरच्या भिंतीवरून परत यायला 0.1 सेकंद. जवळचं लवकर परततं, दूरचं उशिरा. मग ळेण्यांना ‘जवळ’ आणि ‘लवकर’ यांना दोन शब्द कशाला हवेत? एकच पुरतो. आपणही ‘स्टेशन पाच मिनिटांवर आहे’ म्हणतो, तेव्हा अर्धे ळेणेच असतो.

आणि मऊपणा. कापूस, शेवाळ, कुजलेला पालापाचोळा आवाज गिळतात. ळेण्याला तिथे काही आहे हे कळतच नाही आणि तो धडकतो. म्हणजे मऊ ते दगाबाज. आपण एखाद्याला ‘मऊ मनाचा’ म्हणतो ते कौतुकानं, ळेणी भाषेत ती शिवी होईल. चांगला माणूस म्हणजे ‘कडक’, ज्याच्यावर टाकलेला आवाज जसाच्या तसा परततो. एखादा प्राणी आपल्याशी गोड बोलतोय की भांडतोय हे शब्दशः भाषांतरातून कळणारच नाही, अशी वेळ आली की समजावं भाषा उभी राहिली.

कुणी म्हणेल, “हे तर यंत्रानंही जमेल. दोन सेकंदांत हजार शब्द देईल.” देईल. पण ळेण्यांना ‘ओ’ म्हणता येणार नाही हे तोंडाला हात लावून कळलं, आणि मऊ ही शिवी आहे हे अंधारात धडकल्याची कल्पना करून. शब्दांची यादी हा यातला सोपा भाग आहे.

राक्षसांची भाषा खरखरीतच का?

2015 च्या ‘बाहुबली’त कालकेय टोळीसाठी मदन कार्की यांनी किलिकी भाषा केली. जिभेचे टणत्कार, ओरखड्यासारखे आवाज. मेहनत खरी आहे, पण क्रूर म्हणजे कर्कश हे समीकरण मला खटकतं.

ते जुनं आहे, आणि आपल्या घरचंही आहे. ‘कथासरित्सागर’ या जुन्या संस्कृत कथासंग्रहात गुणाढ्याची गोष्ट येते. सातवाहन राजाच्या दरबारातला हा पंडित. त्या राजाची राजधानी प्रतिष्ठान, म्हणजे आपलं पैठण. जलक्रीडेत राणी संस्कृतात म्हणाली, ‘मोदकैः’, म्हणजे मा उदकैः, पाणी उडवू नका. राजानं मोदक मागवले. लाजलेल्या राजाला संस्कृत शिकायचं होतं. गुणाढ्य म्हणाला सहा वर्षं लागतील, दुसरा पंडित म्हणाला सहा महिने. पैज गुणाढ्य हरला आणि त्यानं संस्कृत, प्राकृत, देशी या तिन्ही भाषा सोडल्या. विंध्याच्या रानात जाऊन तो पिशाच्चांची भाषा शिकला आणि सात लाख श्लोकांची कथा तिच्यात, स्वतःच्या रक्तानं लिहिली. राजानं पिशाच्चांची भाषा म्हणून ती झिडकारली. तेव्हा गुणाढ्य एकेक पान वाचून अग्नीत टाकत गेला आणि रानातले पशुपक्षी खाणंपिणं विसरून ऐकत राहिले. सहा लाख श्लोक जळाले, एक लाख उरले.

पिशाच्चांची म्हटलेली ही भाषा, नाव ‘पैशाची’, व्याकरणकारांनी नोंदवून ठेवली आहे. तिच्यात ‘मेघ’चं ‘मेख’ होतं, ‘राजा’चं ‘राचा’. म्हणजे ती एक साधी प्राकृत, कुणातरी माणसांची असणार. त्यांना पिशाच्च ठरवलं ते ऐकणाऱ्यांनी. परक्या जिवाची भाषा घडवणाऱ्यानं ही गोष्ट उशाशी ठेवावी. आपण ज्याला राक्षसाचा आवाज म्हणून घेतो, तो बहुतेक वेळा कुणातरी शेजाऱ्याचा असतो.

“माणसाला माणसाबाहेर जाताच येत नाही”

हा आक्षेप खोल आहे. थॉमस नेगल या तत्त्वज्ञानं 1974 मध्ये विचारलं होतं की वटवाघूळ असणं आतून कसं वाटतं. त्याचं उत्तर होतं की वटवाघळाविषयी कितीही माहिती गोळा केली तरी ते आपल्याला कळणार नाही. मला ते पटतं. ळेण्याला आतून काय वाटतं ते मला ठाऊक नाही. पण त्याला वाक्य पुरं करण्याआधी कुठे थांबावं लागतं ते मी सांगू शकते, आणि वाचक त्या जागी थांबला की माणसाच्या सवयीबाहेर अर्धं पाऊल पडतं.

“खऱ्या भाषा मरताहेत, आणि तुम्ही खोट्या घडवताय”

हा आक्षेप ऐकला की मी वाद घालत नाही, कारण त्यामागचं दुःख खरं आहे. पण दोन्ही कामं करणारी माणसं एकच असतात, हे सांगावंसं वाटतं. क्लिंगॉन घडवणाऱ्या ओक्रँड यांचा 1977 चा प्रबंध कॅलिफोर्नियातल्या मुत्सुन भाषेच्या व्याकरणावर होता. ती अस्खलित बोलणारी शेवटची बाई 1930 मध्ये वारली होती. त्यांनी जुन्या टिपणवह्यांतून ते व्याकरण उभं केलं, आणि मुत्सुन लोक आज आपली भाषा परत शिकताना त्याचा आधार घेतात.

शरीरातून भाषा कशी उगवते हे पाहायला परग्रहावर जावं लागत नाही. भाषाशास्त्रज्ञ अन्विता अब्बी यांनी अंदमानातल्या ग्रेट अंदमानी भाषेचं व्याकरण लिहिलं. तिच्यात नामाला, क्रियापदाला, विशेषणाला शरीराच्या कोणत्या भागाशी त्याचं नातं आहे हे दाखवणारा उपसर्ग लागतो. तोंडाकडचं, पोटाकडचं, पायाकडचं अशी जगाची विभागणी. या कुळातली बो भाषा बोलणारी शेवटची बाई, बोआ सीनियर, जानेवारी 2010 मध्ये गेली. आणि बुलढाणा जिल्ह्यात, जळगाव जामोदच्या आसपास निहाली बोलली जाते. तिचं कुळ कुठल्याही भाषेशी जुळत नाही. मराठी, हिंदी, कोरकू यांच्या गराड्यात ती एकटी. बोलणारे मोजकेच. मी भाचीला नकाशावर जळगाव जामोद दाखवलं तेव्हा ती म्हणाली, “एवढं जवळ?”

अडलेला प्रत्यय

त्या रविवारी सात वाजता ती निघाली. चपला घालता घालता म्हणाली, “येते हं मावशी.”

आणि दारातच थांबली. जाताना आपण ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतो. ळेण्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. पण त्यांच्या भाषेत ते म्हणायचं कसं? ‘-क’ लागत नाही, कारण आवाज अजून परतलेला नाही. ‘-टे’ लागत नाही, तो विझलेलाही नाही. दुसऱ्या कुणी सांगितलेलं नाही, म्हणून ‘-शी’ही नाही. तिन्ही प्रत्यय संपले.

तिनं वही काढली, पायरीवर बसली आणि चौथा लिहिला. ‘-णी’: आवाज टाकलाय, अजून परतला नाही, पण परतणार. मग ‘मी’साठी आम्ही ठरवलेला ‘ञा’ त्याला जोडला आणि जिना उतरता उतरता ओठ न हलवता वर ओरडली, “ञाणी!”